खाचेतल्या मोटारी

छंदांचे एक बरे असते. त्यांना उपयोग विचारायचा नसतो. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला ‘ती पत्रांवर का चिकटवीत नाहीस?’ असे कुणी विचारीत नाही, आणि गच्चीवर पतंग उडवणाऱ्याला ‘वर आकाशात तुझे काय काम निघाले?’ असेही कुणी म्हणत नाही. परंतु अलीकडे छंदांनाही एक प्रश्न विचारण्याची रीत पडू लागली आहे. ‘याचे पुढे काय होणार?’ मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न पालक आम्हा शिक्षकांना नेहमी विचारतात, आणि आम्हीही काहीतरी ठोकून देतो. छंदाच्या बाबतीत मात्र तो ऐकण्याची पाळी माझ्यावर इंग्लंडात आली, आणि तीही एका शहात्तर वर्षांच्या गृहस्थांच्या तोंडून.

माझी थोरली बहीण पोर्ट्समथजवळच्या एका गावात राहते. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे पाच आठवडे राहण्याचा योग आला. पहिल्या आठवड्यात नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ जहाज पाहून झाले, समुद्र पाहून झाला, ताईच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांतून साबुदाण्याची खिचडी खाऊन झाली. मग पाऊस लागला. तो तिथला पाऊस म्हणजे काही आपला पाऊस नव्हे. धड कोसळत नाही, धड थांबत नाही, तक्रारखोर पाहुण्यासारखा नुसता कुरकुरत राहतो. अशा एका संध्याकाळी माझा तेरा वर्षांचा भाचा म्हणाला, “मामा, शेजारच्या शेडमध्ये चल. तुला मजा दाखवतो.”

शेजारी राहणारे ते गृहस्थ पूर्वी गोदीत वायरमन होते. भाचा त्यांना सरळ नावाने हाक मारतो. तिकडची ती रीत असेल, पण माझ्या तोंडून काही ते निघेना. मी त्यांना ‘मिस्टर’ लावून बोललो आणि मनातल्या मनात ‘आजोबा’ म्हणत राहिलो. इथेही तेच म्हणतो.

शेडचे दार उघडले तेव्हा आत मला एक मोठे, ओबडधोबड लाकडी टेबल दिसले, सोळा फूट लांब आणि सहा फूट रुंद. त्यावर काळा रस्ता वळणे घेत गेलेला, कुठे चढ, कुठे पूल, एका कडेला बोटभर उंचीची झाडे, आणि तिकीट काढून बसल्यासारखे चिमुकले प्रेक्षक. रस्त्यात शेजारी शेजारी चार खाचा कोरलेल्या होत्या. प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पातळ पट्टी चिकटवलेली. आजोबांनी एक मोटार माझ्या तळहातावर ठेवली. ती वितीपेक्षाही लहान होती, कारण खऱ्या मोटारीचा हा बरोबर बत्तिसावा हिस्सा. तिच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक छोटे पाते होते. ते खाचेत उतरते. पात्याच्या दोन्ही अंगांना विणलेल्या तांब्याच्या तारांच्या दोन शेपट्या. त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि वीज उचलून आतल्या मोटरला देतात. वीज बारा व्होल्टची, म्हणजे लहान मुलाने हात लावला तरी भिण्याचे कारण नाही. खेळणाऱ्याच्या हातात पिस्तुलासारखा एक खटका. तो दाबावा तितकी मोटार जोरात जाते, आणि सोडला की थांबते. चांगल्या खटक्यात तर सोडताच मोटरची दोन टोके एकमेकांना जोडली जातात, फिरती मोटर क्षणभर स्वतःच वीज निर्माण करू लागते आणि त्या ओढीने चाके आवळली जातात. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात हे चार ओळींत आहे. मुलांना ते कधीच कळत नाही. या शेडमध्ये माझ्या भाच्याला ते बोटाने कळलेले होते.

सुकाणू नाही, हे लक्षात घ्या. डावीकडे-उजवीकडे वळण्याचा अधिकार मोटारीला नाहीच. खाच नेईल तिकडे जायचे. मग कौशल्य ते कसले, असे मला वाटले. मी खटका हातात घेतला, सरळ रस्त्यावर ऐटीत दाबला, आणि पहिल्याच वळणावर माझी मोटार खाच सोडून, प्रेक्षकांच्या डोक्यावरून भिंतीवर जाऊन आदळली. भाचा हसला. आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, “सगळ्यांची पहिली मोटार तिथेच जाते. वळणावर नाही, वळणाच्या आधी विचार करायचा असतो.” अर्ध्या तासाने मला थोडे जमू लागले. वळणाच्या अलीकडे हात सैल सोडावा, मोटारीचे बूड किंचित बाहेर सरकू द्यावे, ते सरकते आहे हे डोळ्याने दिसण्याआधी बोटाला समजावे, आणि मग हलकेच दाबीत बाहेर पडावे. एक फेरी सात-आठ सेकंदांची. त्या सात सेकंदांत मला घर, शाळा, अर्धवट पडलेली कादंबरी, कशाचीही आठवण झाली नाही. आमच्या गावात ध्यानधारणेचे वर्ग भरतात, तिथे मला हे साधलेले नाही.

या खेळाचा इतिहास आजोबा आपल्या घराण्याचा असल्यासारखा सांगतात, आणि एका अर्थी तो तसा आहेही. विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी अमेरिकेत लायनेल कंपनीने 1912 मध्येच काढल्या होत्या, पण त्या रुजल्या नाहीत. खरी सुरुवात झाली ती फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज कारागिराच्या हातून. त्याने 1952 मध्ये ‘स्केलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या, किल्लीशिवाय चावी भरणाऱ्या मोटारी बाजारात आणल्या. जमिनीवर दाबून मागे ओढल्या की पोटातले लपलेले चाक स्प्रिंग गुंडाळायचे आणि सोडल्या की धावायच्या. पोरांना त्या चार-पाच वर्षे आवडल्या, मग पोरे कंटाळली. कारण उघड आहे. मोटार सोडली की तिच्यावर आपला ताबा संपला. फ्रान्सिसने त्याच पत्र्याच्या मोटारीत विजेची मोटर बसवली, खाच असलेला रबरी रस्ता तयार केला, आणि ‘स्केलेक्स’ला ‘इलेक्ट्रिक’ जोडून ‘स्केलेक्स्ट्रिक’ असे नाव ठेवले. हे नवे खेळणे 1957 च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात लोकांपुढे आले. मागणी इतकी आली की ती त्याच्या छोट्या कारखान्याला झेपेना. पुढच्याच वर्षी त्याने तो लाइन्स ब्रदर्स या बड्या कंपनीला विकून टाकला.

हा कारखाना हॅव्हंटला होता, ताईच्या घरापासून मोटारीने थोड्याच अंतरावर. आजोबांची आत्या तिथे कामाला होती. त्यामुळे 1960 च्या नाताळात, अकराव्या वर्षी, आजोबांच्या वाट्याला तो खोका आला. “त्या दिवसापासून माझे वडील माझ्याशी बोलू लागले,” असे ते म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते पुढे काहीच बोलले नाहीत, एका मोटारीचे मागचे चाक काढून त्यावरची धूळ चिकटपट्टीने टिपीत राहिले. वडील गोदीतून थकून येत आणि वर्तमानपत्रामागे बसत, हे मला नंतर भाच्याकडून समजले. खेळायला दोन माणसे लागतात, आणि घरात दुसरे कुणी नव्हते.

त्यानंतरची दहा वर्षे या छंदाची तारुण्याची. जर्मनीत फ्युर्टच्या एका कंपनीने 1963 मध्ये ‘करेरा’ काढली. स्पेनमध्ये बार्सेलोनाच्या एक्सिन कंपनीने परवाना घेऊन स्केलेक्स्ट्रिक बनवली, आणि तिथे ती अशी काही फोफावली की भाषेतच जाऊन बसली. माद्रिदमध्ये अतोचा स्थानकासमोर 1968 मध्ये एकावर एक रस्त्यांचा मोठा उड्डाणपूल बांधला गेला. त्याला माद्रिदकर ‘स्केलेक्स्ट्रिक’च म्हणू लागले. 1980 नंतरच्या दशकात तो पूल पाडला, पण अशा गुंतागुंतीच्या पुलांना तिकडे अजून हेच नाव आहे. खेळण्यावरून रस्त्याला नाव पडावे, हे मला फार आवडले. आपल्याकडे रस्त्यांना पुढाऱ्यांची नावे पडतात.

अमेरिकेची गोष्ट मात्र ऐकून ठेवण्यासारखी आहे. तिथे मोठाल्या जागा भाड्याने घेऊन आठ-आठ खाचांचे ट्रॅक बांधले गेले. मुले तासाप्रमाणे पैसे देऊन खेळत. 1965-66 च्या सुमाराला हे वेड शिगेला पोचले, आणि दशक संपायच्या आत बहुतेक जागांना टाळे लागले. कारणे पुष्कळ सांगतात, पण मला पटते ते एकच. मोटारी फार वेगवान झाल्या. ज्यांच्याजवळ पैसा आणि वेळ होता त्यांनी मोटरच्या तारा पुन्हा गुंडाळून, वजन घटवून, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा मोटारी केल्या. शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाने खाऊच्या पैशांतून घेतलेली मोटार त्यांच्यापुढे काय टिकणार? तो दोनदा हरला, तीनदा हरला, आणि चौथ्यांदा आला नाही. इकडे इंग्लंडात लाइन्स ब्रदर्सचे दिवाळे 1971 मध्ये वाजले. खेळणे मात्र वाचले. त्याचे मालक बदलत गेले, कारखाना हॅव्हंटहून हलला, आणि पुढे शतक संपता संपता काम चीनमध्ये गेले.

मंगळवारी संध्याकाळी आजोबा मला आपल्या क्लबात घेऊन गेले. एका जुन्या सभागृहात तो भरतो. त्याच जागेत बुधवारी बॅडमिंटन आणि गुरुवारी योगासने असल्यामुळे ट्रॅकचे तुकडे दर मंगळवारी मांडायचे आणि रात्री उचलून ठेवायचे. चौदा माणसे होती. दोघे सोडले तर सगळे साठीच्या पलीकडचे. या मांडामांडीत एक गोष्ट दिसली ती सांगतो. चार खाचा, म्हणून एका वेळी चौघेच खेळणार. बाकीच्यांपैकी चौघे वळणावळणावर उभे राहतात. कुणाची मोटार उडाली की तिच्यामागे धावायचे, उचलायची, खाचेत ठेवायची, आणि हात पटकन मागे घ्यायचा. ही मोटार प्रतिस्पर्ध्याची असते. ती जितकी लवकर रस्त्याला लागेल तितके आपलेच नुकसान, तरी सगळे जिवाच्या आकांताने धावत होते. बाहेरच्या खाचेला रस्ता लांब पडतो आणि आतल्या खाचेला वळण कडक, म्हणून प्रत्येकाने चारही खाचांतून खेळायचे, म्हणजे कुणी तक्रार करायची नाही. आमच्या शिक्षणसंस्थेच्या निवडणुका या पद्धतीने झाल्या तर काय बहार होईल, असे वाटून गेले.

भांडणे नाहीत असे मात्र समजू नका. छंद तिथे पंथ आणि पंथ तिथे भांडण. इथले मोठे भांडण चुंबकाचे. बाजारी प्लास्टिकच्या ट्रॅकमध्ये लोखंडी पट्ट्या असतात. मोटारीच्या पोटाखाली चुंबक बसवला की तो त्या पट्ट्यांना ओढतो आणि मोटार वळणावर रस्त्याला चिकटून राहते. नव्या खेळाडूची हौस भागते. पण बूड सरकण्याचे ते नाजूक भान जाते, आणि उडते तेव्हा मोटार न सांगता उडते. आजोबांच्या लाकडी ट्रॅकवर तांब्याच्या पट्ट्या आहेत. तांब्याला चुंबक ओढीत नाही, त्यामुळे तिथे हा वादच मिटला. दुसरे भांडण डिजिटलचे. 2004 च्या सुमाराला अशा मोटारी निघाल्या की एकाच खाचेत कितीतरी धावतात. प्रत्येकीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक चकती, खटक्यावर एक बटण, ते दाबले की पुढच्या सांध्यावर मोटार शेजारच्या खाचेत शिरते. म्हणजे ओलांडून जाता येते, वाट अडवता येते. पुढे मोबाइलवर फेऱ्या मोजणे आले, पेट्रोल संपल्याचे सोंग आले. क्लबातले एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, “हा भविष्यकाळ.” आजोबा म्हणाले, “हा बिघडण्याच्या आणखी वीस जागा.” वायरमनचे मत आहे. मी मधे पडलो नाही.

आता तो प्रश्न. घरी परतताना गाडीत आजोबांनीच विचारला. “तुम्ही मुलांमध्ये राहता. तुम्हाला काय वाटते? आमच्यामागे हे कोण करणार?”

सहज विचारलेला प्रश्न नव्हता तो. त्यांना घर सोडायचे होते. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी उत्तरेकडे. तिच्याजवळच एक लहानशी दोन खोल्यांची जागा पाहून ठेवलेली. ऑगस्टअखेर ताबा द्यायचा होता. त्या जागेत सोळा फुटी ट्रॅक नेण्याचा प्रश्नच नव्हता. ट्रॅकला त्यांची बावीस वर्षे गेलेली. एका एका वळणाचा कोन त्यांनी तीन-तीनदा बदललेला.

मी मास्तरकीचे उत्तर दिले असते तर त्यांना ते लगेच ओळखू आले असते. म्हणून मला खरोखर वाटत होते ते सांगितले. मुलांना गती आवडते, आणि ती आवड कुठे जाणार नाही. पण आज माझ्या भाच्याच्या खोलीत पडद्यासमोर सुकाणू आहे, पायात पेडल आहेत. तो घरबसल्या जगातल्या कुठल्याही शर्यतीच्या रस्त्यावर, कुठल्याही देशातल्या मुलाशी शर्यत लावतो. तिथे मोटार उडाली तर उचलायला कुणी धावत नाही, बटण दाबले की ती आपोआप उभी. घरे लहान झाली आहेत. वेळही लहान झाला आहे. कारखान्यातून निघणाऱ्या खोक्यावर या छंदाचे आयुष्य अवलंबून असते तर मी त्याला फार वर्षे दिली नसती. पण क्लबातल्या त्या दोन तरुणांपैकी एकाने मला आपल्या मोटारीचा सांगाडा दाखवला होता. तो त्याने संगणकावर आखून त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर घरी छापून काढलेला. फार जड झाला म्हणून पुढच्या आठवड्यात दुसरा छापणार होता. इटली-स्पेनमधल्या छोट्या कंपन्या आज उत्तम मोटारी करतात, त्याही अशाच वेडापायी. जेम्स मे या टीव्हीवरच्या माणसाने 2009 मध्ये ब्रुकलंड्सचा जुना शर्यतीचा रस्ता, 1907 साली बांधलेला, पावणेतीन मैलांचा, या खेळण्याच्या तुकड्यांनी पुन्हा आखायला घेतला, तेव्हा गावची माणसे शेकड्यांनी मदतीला आली. जुन्या रस्त्याच्या जागी आता घरे आणि कचेऱ्या आहेत. त्यांच्यामधून वाट काढीत ते तुकडे जोडले गेले आणि मोटारी पूर्ण फेरा करून आल्या. हा छंद गर्दीचा राहणार नाही, पण दर गावात आठ-दहा माणसांचा राहील, असे मी म्हणालो.

“आठ-दहा पुरतात,” आजोबा म्हणाले. “पण जागा लागते. आणि जागेची किल्ली सांभाळणारा एक लागतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला विचारले. ताईच्या घराचे गॅरेज रिकामेच असते. ट्रॅक तुला हवा का? फुकट. मोटारीही.

भाचा बराच वेळ गप्प होता. ताई स्वयंपाकघरातून मला खुणावीत होती, ‘त्याला हो म्हणायला सांग’ म्हणून. मी गप्प राहिलो. शेवटी तो म्हणाला, “मी खेळायला येईन, जिथे असेल तिथे. पण सांभाळायला नको. माझ्याकडून तो खराब होईल.”

ताईला हे उद्धट वाटले. रात्री तिने त्याला बोलही लावले. मला तसे वाटले नाही. आम्ही लहानपणी दिवाळीत अंगणात किल्ला करीत होतो. दगड-माती, वर पोत्याचे तुकडे, त्यावर हळीव पेरलेले. आमच्या किल्ल्यावर मावळे तोफेएवढे आणि महाराज बुरुजाहून उंच असत. आजोबांनी ते पाहिले असते तर प्रमाण चुकले म्हणून त्यांना झोप आली नसती. तो किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकायचा, मग मोडायचा, आणि पुढच्या वर्षी नवा. सांभाळण्याचा प्रश्न कुणाला पडत नसे. आजोबांचे तसे नव्हते. आणि तेरा वर्षांच्या पोराला हा फरक कळला होता. न पेलणारी वस्तू प्रेमाने घेऊन गॅरेजात कुजू देणारी मोठी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. कित्येक ग्रंथालयांना अशा देणग्या मिळालेल्या आहेत.

आजोबांनीही ते मनाला लावून घेतले नाही, निदान दाखवले तरी नाही. चार दिवस शेडमध्ये दिवा लागला नाही. पाचव्या दिवशी करवतीचा आवाज आला. आम्ही धावतच गेलो. क्लबाच्या सभागृहाच्या मागे खुर्च्या ठेवण्याची एक अडगळीची खोली आहे. भाडे थोडे वाढवून ती कायमची मिळत होती, रोज मांडण्या-उचलण्याचा त्रास वाचणार होता. पण तिचे दार होते अडीच फूट आणि खोलीची लांबी बारा. तेव्हा सोळा फुटांतले चार फूट जाणार, आणि उरलेल्याचे सहा तुकडे होणार. आजोबांनी भिंतीवर कागद लावला होता. जुना नकाशा शाईने, नवा पेन्सिलीने. अकरा वळणांपैकी आठ उरत होती. कुठली तीन काढायची यावर त्यांनी ते चार दिवस घालवले होते.

“हे ठेवा,” भाचा एका वळणावर बोट ठेवून म्हणाला. ते चौथे वळण होते, पुलाखालून बाहेर पडताच येणारे, दिसत नाही असे.

“ते सगळ्यात वाईट आहे,” आजोबा म्हणाले. “सगळे तिथेच पडतात.”

“म्हणूनच.”

आजोबांनी पेन्सिलीची रेघ खोडली आणि सहावे वळण काढून टाकले. मग त्यांनी करवत भाच्याच्या हातात दिली, आणि मला टेबलाचे टोक धरायला सांगितले. तीन दिवस आम्ही तिघे ते काम करीत होतो. तांब्याच्या पट्ट्या सांध्यावर तुटणार, म्हणून प्रत्येक सांध्याखाली तारा जोडायच्या होत्या. चार खाचा, प्रत्येकीच्या दोन पट्ट्या, पाच सांधे, म्हणजे चाळीस जोड. डाग देण्याचे काम आजोबांनी पहिल्या आठ जोडांनंतर भाच्याकडे सोपवले, कारण त्यांचा हात कापतो. बत्तीस जोड त्या पोराने दिले. पैकी पाच कच्चे निघाले. ते पुन्हा दिले.

मी जूनमध्ये परत आलो, शाळा सुरू झाली. आजोबा ऑगस्टअखेर मुलीकडे गेले. जाताना त्यांनी एकच मोटार बरोबर नेली, 1960 च्या खोक्यातली, जी आता धावत नाही. ताईचा परवा फोन आला होता. खोलीचे भाडे क्लब भरतो आहे. मंगळवारची माणसे चौदाची सोळा झाली, त्यात एक मुलगी आहे, भाच्याच्या वर्गातली. किल्ली त्या सांगाडे छापणाऱ्या तरुणाकडे असते. एका सांध्यावर वीज मधूनच जाते, तेव्हा भाच्याला टेबलाखाली शिरावे लागते. गेल्या मंगळवारी त्याची स्वतःची मोटार चौथ्या वळणावर तीनदा उडाली.